कशावरून उठताना?

जपानातल्या ग्योतोकुच्या आमच्या मराठी मंडळात कुणी नवीन आलं की पहिला प्रश्न ठरलेला. "तुम्ही कुठल्या प्रोजेक्टवर?" कुणी बँकिंग सांगतं, कुणी टेलिकॉम, कुणी क्लाउड. माझी पाळी आली की मी सांगते, "गुडघ्यावर." आधी सगळे हसतात. मग अर्ध्या तासात कुणीतरी पुण्याहून आलेल्या सासूबाईंना हाताला धरून माझ्यासमोर आणून बसवतं, आणि सासूबाई साडी जरा वर करून गुडघा दाखवायला लागतात. मी डॉक्टर नाही हो, असं दर वेळी सांगावं लागतं. मी मेकॅनिकल इंजिनियर. कृत्रिम सांधा माणसाच्या अंगात बसवल्यावर कुठे ताण खाईल, कुठे झिजेल, कुठे तडकेल, हे तो अंगात जायच्या आधीच गणित करून सांगायचं, हे माझं काम. एकोणीस वर्षं केलं, आता निवृत्त झाले. बायकोची अक्कल गुडघ्यात आहे असं चारचौघांत म्हणून घरी सुखरूप परतणारा माझा नवरा बहुधा एकटाच असेल.

मी जपानला आले ती माधवच्या, म्हणजे याच नवऱ्याच्या मागोमाग. त्याचं तोयोसुला दोन वर्षांचं काँट्रॅक्ट होतं आणि ती दोन वर्षं काही केल्या संपेनात. पुण्यात मी ट्रॅक्टरच्या गिअरबॉक्सवर काम करायचे. इथे आल्यावर ट्रॅक्टर गेला, गिअरबॉक्स गेला, राहिली ती मुलीची शाळा आणि कचऱ्याचं वेळापत्रक. भाषा शिकले. मग उरायासुच्या बाजूला एका लहानशा कंपनीत तासांवरचं काम मिळालं, इथे त्याला आरुबाइतो म्हणतात. कंपनी कृत्रिम खुबे आणि गुडघे बनवायची. माझं काम जपानी कागद इंग्रजीत करायचं. एक दिवस एका अहवालातलं रंगीत चित्र बघून मी म्हटलं, "इथे जाळी फार मोठी घेतलीय. हा आकडा खरा नाही." चाचणी विभागाचे प्रमुख तानाबे-सान माझ्याकडे असे बघायला लागले, जसं काही झेरॉक्सचं मशीनच बोललं. तीन महिन्यांनी मी त्यांच्या विभागात होते.

माझं आडनाव कानिटकर. ऑफिसात त्याचं आधी 'कानितकारु-सान' झालं आणि मग लाडाने 'कानि-सान'. सहा महिन्यांनी तानाबे-साननी मला बाजूला घेऊन, सगळ्यांच्या वतीने माफी मागून, अत्यंत गंभीरपणे सांगितलं की जपानीत कानि म्हणजे खेकडा. मी म्हटलं, असू दे, आडनाव सासरचं आहे.

आता ही जाळी काय भानगड आहे ते सांगते. कृत्रिम गुडघा म्हणजे मुळात तीन तुकडे. मांडीच्या हाडाच्या टोकावर धातूची टोपी, नडगीच्या हाडावर धातूची बशी, आणि दोन्हींच्या मध्ये एका चिवट प्लॅस्टिकची गादी. आमच्या प्रकारात त्या गादीच्या मधोमध एक खुंट असतो. गुडघा वाकला की टोपीतली आडवी दांडी त्या खुंटाला टेकते, म्हणून मांडीचं हाड पुढे घसरत नाही. हा सगळा आकार कॉम्प्युटरवर घ्यायचा, त्याचे बारीक बारीक तुकडे पाडायचे म्हणजे ती जाळी, आणि मग त्यावर भार टाकून बघायचं. साधं चालतानासुद्धा गुडघ्यावर शरीराच्या वजनाच्या दोन-तीन पट भार येतो, जिन्यावर त्याहून जास्त. चित्रात निळा रंग आला तर आबादीआबाद, लाल आला तर तिथे लक्ष द्यायचं. कॉम्प्युटर बिचारा प्रामाणिक असतो. तुम्ही जो भार सांगाल त्याचंच उत्तर देतो. कुठला भार सांगायचा हे मात्र माणसाला कळावं लागतं, आणि खरी मेख तिथेच आहे.

गिऱ्हाइकं तऱ्हेतऱ्हेची भेटली. आमचा चिनी मातीच्या जातीचा खुबा बसवलेले एक निवृत्त हेडमास्तर होते. चालताना, बसताना काही नाही, पण कमरेत खोल वाकून नमस्कार केला की त्यांचा खुबा कुरकुरायचा. जपानमध्ये ही केवढी पंचाईत ते इथे राहणाऱ्यालाच कळेल. डॉक्टर म्हणाले, बदलून टाकू. मास्तरांनी कळवलं, बदलू नका, फक्त कितपत वाकल्यावर आवाज येतो ते मोजून सांगा, मी त्याच्या अलीकडे थांबेन. मी मोजून दिलं. पुढे ते एका बैठकीत भेटले तेव्हा बरोबर तेवढेच वाकले.

पण मला सांगायचंय ते गुडघ्याचं. त्यात चूक माझी आहे, म्हणून आजवर कुठे लिहिली नव्हती.

कंपनीने खास आशियातल्या माणसांसाठी नवा गुडघा करायला घेतला. जास्त वाकणारा. जपानी माणूस पाय मुडपून टाचांवर बसतो, त्याला सेइझा म्हणतात, ते बसणं मी गणितात घेतलं. चालणं घेतलं, जिना घेतला, खुर्चीवरून उठणं घेतलं. सगळीकडे निळा. मशीनवरच्या चाचण्याही पास झाल्या. अहवालावर तीन शिक्के उमटले. बनवणाऱ्याच्या चौकटीत माझा, तपासणाऱ्याच्या चौकटीत तानाबे-सानचा, मंजूर करणाऱ्याच्या चौकटीत संचालकांचा. कागद सरकारी मंजुरीला गेले आणि पुढच्या वसंतात पहिली ऑपरेशनं करायची असं ठरलं. मी तर गुडघ्याला बाशिंग बांधूनच बसले होते.

आमच्या इमारतीत तळमजल्यावर शिमिझु-सान राहतात. एकट्या. आमची ओळख झाली तीच मुळी कचऱ्यावरून. मी बाटल्यांबरोबर त्यांची झाकणंही टाकली होती, इथे ती वेगळी टाकतात, आणि या बाई माझी पिशवी घेऊन दोन जिने चढून परत द्यायला आल्या. वर्षभर मी त्यांना घाबरून होते. मग एका दिवाळीत चिवडा दिला. त्यांनी डबा धुऊन, त्यात पर्सिमनची फळं घालून परत केला, आणि ते दर वर्षीचं होऊन बसलं.

त्या दिवाळीला चिवडा घेऊन गेले तेव्हा त्या शहात्तर वर्षांच्या होत्या आणि उजवा गुडघा पार कामातून गेला होता. खोलीत तातामीच्या चटया, एका भिंतीला वारलेल्या यजमानांचा छोटा देव्हारा, त्यात फोटो. शिमिझु-सान भलत्याच खुशीत होत्या.

"कानि-सान, डॉक्टर म्हणाले, वसंतात नवा गुडघा येतोय. त्याने जमिनीवर बसता येईल म्हणे." त्यांनी पर्समधून डॉक्टरांनी लिहून दिलेली चिठ्ठी काढली. "हे नाव तुमच्याच कंपनीचं ना?"

"आमचंच," मी म्हटलं. खोटं कशाला बोलू, अंगावर मूठभर मांस चढलं.

"पुढच्या शरदात यांचं तेराव्या वर्षाचं श्राद्ध आहे. भिक्षू येतील, दीर-जावा येतील. त्या दिवशी यांच्यासमोर खाली बसायचंय मला, नीट. सध्या सकाळी उदबत्ती लावायला एकदाच बसते, पण उठताना जीव जातो. बघा."

आणि मी नको नको म्हणेपर्यंत त्या देव्हाऱ्यासमोर बसल्यासुद्धा. मग उठायला लागल्या. डावा पाय पुढे रोवला, दुखरा उजवा गुडघा चटईवर, हात बाजूच्या बुटक्या टेबलावर, आणि सगळं अंग त्या टेबलाकडे पिळून, "दोक्कोइशो" म्हणत त्या वर आल्या.

दोक्कोइशो या शब्दाला अर्थ असा नाही. जपानी माणूस वयाला आला की उठताना तो तोंडातून आपोआप निघतो. आपण 'आई गं' म्हणतो तसाच.

माझ्या हातातला चिवडा हातातच राहिला. पूर्ण वाकलेला गुडघा, त्यावर जवळजवळ सगळं वजन, आणि वर पीळ. हा भार माझ्या गणितात नव्हता. मी बसणं घेतलं होतं. खुर्चीवरून उठणं घेतलं होतं. खाली बसलेलं माणूस कधीतरी उठतं, हे मी घेतलंच नव्हतं.

घरी येऊन माधवला म्हटलं, "डॉक्टरांनी आम्हाला सुरुवातीलाच लिहून दिलं होतं रे, उठताना सगळ्यात जास्त त्रास होतो म्हणून."

त्याने मोबाइलमधून मान वर न करता विचारलं, "कशावरून उठताना?"

दुसऱ्या दिवशी ऑफिसात गेल्या गेल्या मूळ प्रश्नावली काढली. पेशंटना सगळ्यात अवघड काय जातं, असं आम्ही डॉक्टरांना विचारलं होतं. त्यांनी एकच शब्द लिहिला होता, 'ताचिआगारि'. म्हणजे उठणं. नुसतं उठणं. शेजारी माझं इंग्रजी भाषांतर होतं, 'खुर्चीवरून उठणं'. परदेशी नियमावलीच्या तक्त्यात तसा रकाना होता, त्यात हा शब्द फिट बसत होता, मी बसवला. खुर्ची डॉक्टरांनी लिहिली नव्हती. खुर्ची मी घातली होती.

आणि घालणारी कोण, तर मी. आमच्या निपाणीच्या घरात खुर्ची एकच होती आणि ती पाहुण्यांसाठी. जेवणं, अभ्यास, निवडणं-टिपणं, सगळं जमिनीवर. वयाच्या विसाव्या वर्षापर्यंत मी दिवसातून पन्नास वेळा जमिनीवरूनच उठत आले. तो जपानी शब्द मी मराठीत उतरवला असता तर 'उठताना' एवढंच लिहिलं असतं, आणि खाली बसलेली आईच डोळ्यांसमोर आली असती. मी इंग्रजीत उतरवला आणि आईला खुर्चीत बसवलं.

दोन दिवस कुणाला काही न सांगता गणित केलं. वाकलेला गुडघा, वजन आणि पीळ. खुंटाच्या बुडाशी, एका कोपऱ्यात, लालभडक.

यापुढचे तीन दिवस मला अजून खुपतात. मी गप्प बसले. मला भीती वाटली. नियमावलीतल्या सगळ्या चाचण्यांत तो गुडघा पास होता, असा भार तपासा असं कुठलाही नियम सांगत नव्हता. मी काँट्रॅक्टवरची, बाहेरच्या देशातली बाई. तानाबे-सान पुढच्या उन्हाळ्यात निवृत्त होणार होते, आणि माझा शिक्का चुकला की शेजारचा त्यांचाही चुकला. एकदा तर असंही मनात आलं की शिमिझु-सानना हळूच सांगावं, दुसऱ्या कंपनीचा घ्या. मग माझी मलाच लाज वाटली. तळमजल्यावरच्या बाईंना वाचवायचं आणि बाकीच्या बायकांनी उठताना खुंट मोडून घ्यायचा, ही कुठली रीत?

चौथ्या दिवशी चाचणीच्या खोलीत गेले आणि तानाबे-सानसमोर तो लाल कोपरा ठेवला. दातांतून श्वास ओढून घेत त्यांनी चित्र जवळ ओढलं.

"हा भार कुठून आला?"

"जमिनीवरून उठताना. प्रश्नावलीत खुर्ची नव्हती. ती मी घातली. चूक माझी आहे."

"तपासलं मी होतं," ते म्हणाले. "मला ती खुर्ची दिसली नाही. आणि माझी आई मरेपर्यंत जमिनीवरून उठत होती."

मग त्यांनी बूट काढले, खोक्याचा पुठ्ठा जमिनीवर अंथरला, त्यावर सेइझा घालून बसले आणि म्हणाले, "मोजा." मी त्यांच्या पँटीवर खुणेच्या पट्ट्या चिकटवल्या, कॅमेरा लावला. साठीला टेकलेला तो माणूस दहा वेळा बसला आणि दहा वेळा उठला. दहाही वेळा दोक्कोइशो म्हणाला. त्यांना ते कळलंसुद्धा नसावं. दहाव्यांदा उठल्यावर घाम पुसत त्यांनी फळ्यावर चार भारांची नावं होती त्यांच्याखाली पाचवं लिहिलं, 'दोक्कोइशो'.

मशीनवर तो भार लावला, तेव्हा ठरलेल्या फेऱ्या निम्म्याही झाल्या नव्हत्या आणि खुंट बुडातून तडकला. मंजुरीचे कागद परत घ्यावे लागले. संचालक स्वतः एकेका हॉस्पिटलात माफी मागायला गेले. मला कुणी एका शब्दाने बोललं नाही. इथे कुणी ओरडत नाही, आणि ते फार लागतं. आपल्याकडे कुणीतरी खडसावलं असतं, मी रडले असते आणि संध्याकाळपर्यंत मोकळी झाले असते.

दुरुस्ती म्हणाल तर एवढीशी. खुंटाच्या बुडाशी गोलाई वाढवली, पुढची कड थोडी उतरवली, म्हणजे पीळ पडला तरी भार एका कोपऱ्यावर यायचा नाही. जुना आणि नवा शेजारी ठेवले तर तुम्हाला फरक सांगता येणार नाही. पण सगळं पहिल्यापासून तपासायचं, पुन्हा कागद, पुन्हा मंजुरी. वर्षाहून जास्त गेलं. नव्या अहवालात पाचव्या भाराचं नाव तानाबे-साननी तसंच ठेवलं. भाषांतर अर्थातच माझ्याकडे आलं. या वेळी मी त्या शब्दाचं इंग्रजी केलं नाही, तसाच ठेवला. परदेशातल्या एका सल्लागाराने विचारलं, हे काय आहे? मी कळवलं, जमिनीवर बसा आणि उठा, तोंडातून जे निघेल ते. चार दिवसांनी त्याचं उत्तर आलं, समजलं.

तानाबे-सान निवृत्त झाले तेव्हा मंजुरी यायची होती. निरोपाच्या दिवशी त्यांनी मला आपला चाचणीच्या वहीचा शिक्का दाखवला आणि म्हणाले, "हा आता कुठेच मारायचा नाही, पण शेवटचा मारलेला बरोबर होता."

इकडे शिमिझु-सानना डॉक्टरांनी नुसतं सांगितलं की गुडघा लांबणीवर पडला. आमच्या कंपनीचा जुना गुडघा मिळत होता, पण त्याने खाली बसता आलं नसतं. त्या म्हणाल्या, थांबते. खरं कारण मला सांगता येत नव्हतं, कंपनीचा नियम. एकदा त्यांनी मला खालच्या दारातच गाठलं.

"कानि-सान, तुमच्या ऑफिसातले लोक झोपले होते का?"

"हो," मी म्हटलं. त्याहून खरं मला सांगता येत नव्हतं.

ते वर्ष त्यांना फार जड गेलं. काठी आली, मग चाकांची ढकलगाडी आली. त्यांचा कचरा मी टाकायला लागले, वेगवेगळा मात्र त्याच करून द्यायच्या, माझ्यावर अजून विश्वास नव्हता. सकाळची उदबत्ती त्या उभ्यानेच लावायला लागल्या. आणि शरदात ते तेराव्या वर्षाचं श्राद्ध आलं. आदल्या दिवशी त्यांनी विचारलं, "तुमच्याकडे घडीची खुर्ची आहे का हो?" आमच्याकडे होती. मीच ती दोन जिने उतरवून खाली नेली आणि देव्हाऱ्यासमोर मांडून दिली. दीर-जावा, भिक्षू, सगळे खाली बसले. नवऱ्याच्या फोटोपुढे ज्या बाईला बसायचं होतं, ती एकटी खुर्चीवर. मी दारातून पाहिलं आणि वर येऊन रडले. एका खुर्चीची चूक मी निस्तरली होती, आणि त्या निस्तरण्यापायी ही दुसरी खुर्ची त्यांच्या वाट्याला आली होती.

मंजुरी आली आणि पुढच्या वसंतात त्यांचं ऑपरेशन झालं. आमच्याच नव्या गुडघ्याचं. चार-पाच महिन्यांनी, व्यायाम वगैरे सगळं पार पडल्यावर, एका सकाळी त्यांनी मला खाली बोलावलं. घडीची खुर्ची अजून भिंतीला टेकून उभी होती. शिमिझु-साननी चटईवर पातळ उशी टाकली आणि हळूहळू त्यावर बसल्या. मीही शेजारी मांडी घालून बसले. त्यांनी उदबत्ती लावली, हात जोडले, फोटोला म्हणाल्या, "उशीर झाला."

मग त्या उठायला लागल्या. डावा पाय पुढे, उजवा गुडघा उशीवर, हात टेबलावर, अंगाला तोच पीळ. माझ्या डोळ्यांसमोर आतला खुंट होता, त्याचं बूड, तो कोपरा. मी कान देऊन थांबले. कसलाच आवाज आला नाही. बाई दोक्कोइशो न म्हणता उभ्या राहिल्या.

"काय ऐकताय?" त्यांनी विचारलं.

तेव्हा मी सगळं सांगितलं. ताचिआगारि, इंग्रजी तक्ता, ते तीन गप्प दिवस, तडकलेला खुंट. त्यांचं एक वर्ष कुणामुळे गेलं, ते. शिमिझु-सान उभ्या उभ्या ऐकत होत्या. मग भिंतीकडे बोट दाखवून म्हणाल्या, "म्हणजे ती खुर्ची तुमचीच."

"हो. माझीच."

"मग घेऊन जा आता. जागा अडवते."

मी एक हात टेबलावर टेकला, गुडघा रोवला आणि 'आई गं' म्हणत उठले. शिमिझु-साननी माझ्या गुडघ्याकडे बघितलं, मग माझ्या तोंडाकडे. मी खुर्चीची घडी काखेत मारली आणि दोन जिने चढून घरी आले.